वरचा पीळ

बाबांनी बंद केलेला नळ आमच्या घरात दुसऱ्या कुणाला उघडत नसे. आई त्याला फडकं गुंडाळायची, दोन्ही हात लावायची आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "नळ आहे हो, आरोपी नाही." लोणच्याच्या बरणीचं झाकण, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, सायकलच्या सीटखालचा नट, ज्याला म्हणून आटे होते त्याला बाबांचा हात लागला की त्याचे दिवस भरत आले असं समजायचं. आई गेल्यावर फडकं गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं.

तो हात डाळ मिलमध्ये तयार झाला होता. बाबा जळगावच्या एका डाळ मिलमध्ये फिटर होते. तिथल्या चाळण्या दिवसभर थरथरतात. थरथरणाऱ्या लोखंडावरचा बोल्ट हळूहळू ढिला होतो, हे त्या यंत्राजवळ चार दिवस उभ्या राहिलेल्या कुणालाही कळतं. उपायही कळतो. यंत्र थांबवायचं, बोल्ट तपासायचे, आवळायचे, पुन्हा सुरू करायचं. पण तुरीच्या हंगामात मालक यंत्र थांबवू देत नसे. तेव्हा फिटर लोकांनी स्वतःचा उपाय काढला. सकाळी यंत्र सुरू होण्याआधी बोल्ट नेहमीसारखा आवळून झाला की पान्याच्या दांड्यावर पाईप चढवायचा आणि सगळ्या अंगाचा भार टाकून आणखी एक जोर द्यायचा. याला ते वरचा पीळ म्हणत. वरचा पीळ दिलेला बोल्ट दिवसभर हलत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. नव्या फिटरला पहिली गोष्ट हीच शिकवली जायची. बाबांना ती नानांनी शिकवली.

नाना बाबांपेक्षा वयानं बरेच मोठे. एरंडोलच्या अलीकडच्या एका गावातले, शेती असलेल्या घरातले. रोज एसटीनं जळगावला यायचे. आम्ही बौद्ध. मिलमध्ये लागल्यावर पहिले काही दिवस बाबा जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून एकटे जेवायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण कुणी बोलावलंही नव्हतं. मग एके दिवशी नाना आपला डबा उचलून त्यांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तुना ठेचा कसा शे, दखाड." तुझा ठेचा कसा आहे, दाखव. एवढंच. बाबांनी मला हे इतक्या वेळा सांगितलं आहे की त्या डब्याचा रंगसुद्धा मला माहीत आहे. भाषणं देणारी पुष्कळ माणसं बाबांनी पुढे पाहिली, त्यांच्यासाठी सतरंज्या अंथरल्या, पत्रकं वाटली. पण समता हा शब्द उच्चारला की त्यांच्या डोळ्यांसमोर कोण येतं, हे मी खात्रीनं सांगू शकते.

मी लहान असताना एका हंगामात यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्यावरच्या संरक्षक जाळीचा बोल्ट तुटला. जाळी एका बाजूनं लोंबू लागली. ती पट्ट्यात अडकून उडाली असती तर पलीकडे पोती शिवणाऱ्या बायांवर गेली असती, म्हणून नानांनी ती हातानं धरली. पट्ट्यानं त्यांची बाही धरली. उजवा हात कोपराच्या वरून गेला.

मालक म्हणाला, चालू यंत्रात हात घालायला कुणी सांगितलं होतं? त्याला उत्तर म्हणून बाबांनी आणि युनियनमधल्या दोघा-तिघांनी पत्रक काढलं. गुलाबी कागद, जाड टाईप. मथळा होता, 'गंजलेल्या बोल्टनं कामगाराचा हात खाल्ला'. बोल्टचा तुकडा बाबांनी जमिनीवरून उचलून पाहिला होता आणि त्याचं तोंड काळं होतं, एवढा पुरावा त्या मथळ्यामागे होता.

या पत्रकावर मी वाढले, हे अगदी शब्दशः खरं आहे. उरलेले गठ्ठे आमच्या घरी होते. फळीवरच्या डब्यांखाली तीच पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर त्याच पत्रकांचं. वर्गातल्या मुलींच्या वह्या खाकी होत्या, माझ्या गुलाबी. शाळेच्या पुस्तकात ग गणपतीचा होता. मी ग ओळखायला शिकले तो गंजलेल्याचा. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा बाबांनी मला एकच गोष्ट बजावली. पत्रकात एक अक्षर खोटं गेलं की समोरचा माणूस तेवढंच अक्षर वाचतो, बाकीचं फेकून देतो. आजही मी काही लिहिते तेव्हा मालक आपल्या खांद्यावरून वाचतो आहे असं धरूनच लिहिते.

पत्रकानंतर बाबांना कामावरून काढलं आणि आम्ही धुळ्याला देवपुरात राहायला आलो. बाबा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागले. युनियन विरली. जुने सोबती कुणी पक्षात गेले, कुणी सुरतला. आईही गेली. बाबांना नानांशिवाय मग माणूस उरला नाही. दर दोन-तीन रविवारांनी ते मोटारसायकल काढून पारोळ्याच्या रस्त्यानं नानांकडे जायचे, तेही एका कामासाठी. ज्याला एकच हात आहे त्याला त्या हाताची नखं कापता येत नाहीत. हे मला बाबांमुळे कळलं, नाहीतर आयुष्यभर सुचलं नसतं. घरात सून होती, नातवंडं होती, गावात न्हावी होता. पण नाना नखं वाढवत बसायचे आणि बाबा जाऊन कापायचे. तेवढ्या वेळात दोघं मिलबद्दल बोलायचे, आणि बोलणं संपत नसलं तर बाबा करंगळीवर उगाच वेळ काढायचे.

यंदा उन्हाळ्यात मी बाबांच्या काळातली सगळी पत्रकं एका पुस्तिकेत छापायची ठरवली. पहिलं अर्थात गुलाबी पत्रक, आणि त्याआधी माझे चार शब्द. छापायला देण्याआधी ते नानांना वाचून दाखवायचं असं बाबांचं म्हणणं होतं. ज्याचा हात गेला त्यानं ऐकल्याशिवाय नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा रविवार ठरला. आणि त्याच आठवड्यात लळिंगच्या घाटात गाडीचा क्लच सुटला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागेवर रांगत होती. क्लच प्लेटा जळल्याचा वास पांझरा नदीच्या पुलापर्यंत आमच्यासोबत आला.

"एसटीनं जाऊ," मी म्हणाले.

"प्लेटा टाकायला कितीसा वेळ लागतो?" बाबा म्हणाले. "याआधी मीच टाकल्या होत्या. याच ओट्यावर."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही ओट्यावर बसलो. बाबांनी काळं तेल पत्र्याच्या डब्यात काढलं, किक उतरवली, उजव्या बाजूचं कव्हर उघडलं. आत क्लच दिसतो तो एखाद्या लहान डब्यासारखा. वर एक झाकणासारखी चकती, तिला दाबून धरणाऱ्या चार स्प्रिंगा आणि प्रत्येक स्प्रिंगवर एक बोल्ट. बोल्ट करंगळीएवढेसुद्धा नाहीत. ते ज्यात बसतात तो आतला भाग अॅल्युमिनियमचा, मऊ.

मी क्लच धरून ठेवला आणि बाबांनी पाना लावला. पहिले तीन बोल्ट कचकचत सुटले, सुटताना बाबांच्या कपाळावर घाम आला. चौथ्यानं आवाजच केला नाही. लोण्यातून चमचा फिरावा तसा पाना फिरला आणि बोल्टचं डोकं त्याच्यासोबत बाहेर आलं. बाकीचा बोल्ट आतच राहिला.

डोकं पान्यातून काढून बाबांनी ते चड्डीच्या कडेला पुसलं आणि उन्हात धरलं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा होता, तेल मुरलेला, गुळगुळीत. उरलेला अर्धा चांदीसारखा खरखरीत, नुकता तुटलेला. मग त्यांनी बाकीचे तीन बोल्ट उचलले आणि एकेक करून डोक्याखालची मान पाहिली. तिन्हींची मान बारीक झालेली होती, ओढून लांबवलेल्या मेणासारखी.

"जुना होता का?" मी विचारलं.

"नवा टाकला होता मी."

"मग आज कसा तुटला?"

"आज नाही तुटला तो," बाबा म्हणाले. "मी आवळला त्याच दिवशी अर्धा गेला होता. आज फक्त हातात आला."

त्यांनी पाना खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. मला वाटलं, वाकून पाठ दुखत असेल.

आत राहिलेला तुकडा काढायला त्यांनी आधी टोकदार पंच घेतला आणि तुकड्याच्या कडेवर तिरपा धरून उलट्या दिशेनं हलके ठोके दिले. डोकं गेलेल्या बोल्टवर ताण राहत नाही, तो अशा ठोक्यांनी फिरतो, निदान फिरायला हवा. हा फिरला नाही. पोलाद अॅल्युमिनियममध्ये रुतून बसलं होतं. डिझेल टाकून झालं, गरम करून झालं. शेवटी बाबांनी तो मधला भागच उतरवला, जुन्या बनियनमध्ये गुंडाळला आणि आम्ही चालत लेथवाल्याकडे गेलो.

लेथवाला तोंडाचा फटकळ होता. त्यानं तो भाग हातात घेतला, भिंगाशिवायच नीट पाहिला आणि हसला. "भाऊ, कोण्या मेकॅनिकनं आवळला हा? बोल्ट आवळला का फाशी दिली?"

"मीच," बाबा म्हणाले.

"तुम्ही?" तो जरा ओशाळला, पण सवय जात नाही. "मंग वकील तरी द्यायचा होता बिचाऱ्याला."

मी हसले. बाबा हसले नाहीत. लेथवाल्यानं तुकड्याच्या बरोबर मधोमध बारीक भोक पाडलं आणि एक निमुळती पोलादी सळी दिली. तिच्यावर उलटे आटे होते. भोकात घालून उलटी फिरवली की ती घट्ट रुतत जाते आणि रुतता रुतता तुकड्याला सोबत घेऊन बाहेर येते. "पन एक ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "ही काचेसारखी कडक असते. जोर केला आन् ही आत तुटली, तर तिला ड्रिल लागत नाही. मंग हे सगळं भंगारात."

घरी आल्यावर बाबांनी तो भाग दोन लाकडांमध्ये धरून शिकंज्यात बसवला, सळी भोकात घातली, तिच्यावर दांडा चढवला. दांड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू फिरव."

"मी कधी केलंय हे?"

"म्हणूनच. माझ्या हाताला कुठं थांबायचं ते कळत नाही."

मी फिरवलं. सळी रुतली, दांडा अडला. बाबा शेजारी उभे राहून सांगत होते. थोडं. आता थांब. परत थोडं. मागे घे. डिझेल टाक. हात घामानं निसटत होते आणि रागही येत होता, कारण ज्या माणसानं मला कधी चमचा नीट धरायला शिकवला नाही तो आज दांडा केसभर फिरला की मला थांबवत होता. मग काहीतरी करकरलं. सळी तुटली असं मला वाटलं आणि मी हात सोडला. ती तुटली नव्हती. तुकडा फिरला होता. पुढचे फेरे सहज झाले आणि तो बाहेर आला. हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असेल, अंगावर अॅल्युमिनियमचा चकचकीत चुरा चिकटलेला.

मला आनंद झाला होता. बाबांनी तो तुकडा सळीवरून सोडवला, आधीच्या डोक्याला जुळवून पाहिला आणि ओट्यावर बसले.

"मिलमधल्या बोल्टचं तोंड असंच होतं," ते म्हणाले.

"गंजलेलं ना?"

"अर्धं काळं. अर्धं चकचकीत. आम्हाला काळं म्हणजे गंज एवढंच माहीत होतं. मानही अशीच बारीक होती, मी पाहिली होती. वाटलं, गंजानं खाल्ली."

"पण बोल्ट जुना होता."

"हंगामाच्या आधी मीच नवा घातला होता. मालकानं भंगारातला माल नवा म्हणून आणला, असं धरून चाललो सगळे. दुसरं काही असू शकतं, हे डोक्यातच आलं नाही."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "त्या दिवशी सकाळी पीळ कुणी दिला होता?"

"मी."

पांझरेकडून गरम वारा येत होता आणि ओट्यावरची कागदं उडत होती, पुस्तिकेचीच. मी ती गोळा केली, त्यांच्यावर पाना ठेवला. मला आठवतं, त्या वेळी मला बाबांबद्दल वाईट वाटण्याआधी त्या मथळ्याबद्दल वाटलं. गंजलेल्या बोल्टनं. इतकी वर्षं वहीवर वागवलेली ओळ खरी नव्हती.

"मग ती ओळ तशीच छापता येणार नाही," मी म्हणाले. "खाली टीप घालावी लागेल."

"घाल."

"आणि नानांना सांगावं लागेल. छापलेलं वाचून त्यांना कळलं तर ते बरं नाही."

बाबा डिझेलनं हात धूत होते. पुष्कळ वेळ धूत होते. "सांगू," ते म्हणाले. या एका शब्दावर त्यांचा उरलेला एकमेव माणूस जाऊ शकतो, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी तरीही म्हणाले नाही की राहू द्या. आजही म्हणणार नाही.

नवे बोल्ट मीच आवळले. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते. "बस, थांब," ते म्हणाले.

"ढिला वाटतोय हो."

"तसाच असतो तो. आपल्याला सवय नाही."

रविवारी गाडी बिनतक्रार चालली. पारोळा गेलं, पुढे केळीच्या घडांनी भरलेले ट्रक समोरून येत होते, आणि बाबा एरवी ज्या वळणावर मागे वळून मला काहीतरी सांगायचे तिथेही समोरच बघत राहिले.

नाना निंबाखाली खाटेवर बसलेले. आम्हाला पाहून त्यांनी हात वर केला आणि पंजा फिरवून दाखवला. "कोठे व्हतास रे भाऊ इतला दिन? नखं इतली वाढी गयात, सून म्हनस, नाना, आते तुम्हीच कांदा चिरी द्या."

"क्लच गेला होता, नाना," मी म्हणाले.

"गाडीना का तुना बापना?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग आत ओरडून चहा सांगितला आणि आखाजीला मांडे खायला यायचं बरं का, असं मला बजावलं.

बाबा खाटेच्या कडेला बसले. नानांनी सवयीनं हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. बाबांनी नेलकटर काढलं. अंगठा झाला, त्याच्या शेजारचं बोट झालं. मधल्या बोटाचं नख कापून झाल्यावर बाबा थांबले. नानांशी ते नेहमी त्यांच्याच बोलीत बोलतात.

"नाना, तो बोल्ट गंजेल नव्हता."

"कोनता?"

"जाळीना."

नानांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"वरना पीळघाई तुटना तो," बाबा म्हणाले. "मी देयेल व्हता पीळ." वरच्या पिळानं तुटला, आणि पीळ मी दिला होता.

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि क्लचच्या बोल्टचं डोकं आणि मान ओढलेला एक अख्खा बोल्ट नानांसमोर धरला. नानांनी नखं कापलेल्या बोटांनी तो उचलला. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं होतं त्यांना समजवावं लागेल, मी वाक्यं जुळवूनही ठेवली होती. पण ते फिटर होते. त्यांनी बोल्ट उजेडाकडे धरला, अंगठा त्याच्या मानेवरून फिरवला, मग डोकं उलटं करून काळा भाग आणि पांढरा भाग पाहिला. समजवण्यासारखं काही उरलं नाही.

सून चहा ठेवून गेली. कुणी उचलला नाही.

"किती जनले शिकाडा मी तो पीळ," नाना म्हणाले. किती जणांना शिकवला मी तो. ते बाबांना म्हणाले नाहीत, मलाही नाही.

बाबांनी त्यांचा हात पुन्हा धरला आणि चौथं बोट पुढे घेतलं. नानांनी हात ओढून घेतला. जोरानं नाही, पण घेतला.

"ऱ्हाऊ दे."

"दोन ऱ्हायनात, नाना."

"ऱ्हाऊ दे म्हन्तं ना."

मग मी बोलले. गप्प बसणं मला जमत नाही. म्हणाले, नाना, पीळ कुणी दिला आणि कुणी शिकवला हा प्रश्नच नाही. यंत्र घटकाभर थांबवलं असतं तर कुणालाच पीळ द्यावा लागला नसता. ते थांबवू न देणारा माणूस मालक होता. बोल्ट गंजलेला नसेल, पण हात मालकानंच खाल्ला. तेवढं मी स्पष्ट लिहिणार आहे.

मी म्हणाले त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. नाना शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "लिख पोरी. असंच लिख. पन माले वाची दखाडू नको."

पुस्तिकेची कागदं माझ्या मांडीवर होती. मी ती पिशवीत घातली.

परतताना पारोळ्याला बाबांनी गाडी थांबवली आणि टपरीवर चहा मागवला. मी अजून वाद घालत होते, नानांशी नाही तर नानांच्या गप्प राहण्याशी. बाबांनी बशीत चहा ओतला, प्यायला विसरले.

"मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील," ते म्हणाले. "चिडले असते तर बरं झालं असतं."

आखाजीला आम्ही गेलो नाही. निरोप आला नाही, आणि बाबांनीही फोन केला नाही. पुस्तिका छापली. गुलाबी पत्रक जसंच्या तसं ठेवलं आणि खाली टीप घातली, बोल्ट गंजलेला नव्हता, तो का तुटला, आणि तो तसा आवळावा का लागला. ती टीप मूळ पत्रकापेक्षा लांब झाली. ती लिहिली याचा मला अभिमान आहे. ज्यांनी वाचली त्यांच्यापैकी एकानं मला विचारलं की जुनी गोष्ट उकरून आपलीच बाजू का कमजोर करता. मी त्याच्याशी भांडले.

पावसाळ्यात मी एकटीच पुस्तिका घेऊन नानांकडे गेले. बाबांना विचारलं, येता का. ते म्हणाले, मोटार दुरुस्तीला आली आहे. आली नव्हती.

नाना आत पडवीत होते. पुस्तिका त्यांनी घेतली, उघडली नाही, उशीखाली सरकवली. मी नेलकटर सोबत नेलं होतं, पण काढायची वेळ आली नाही. त्यांची पाचही नखं कापलेली होती, फार आत, कडेला लाल झालेली.

"न्हावी येस घरी," माझी नजर पाहून ते म्हणाले. मग विचारलं, "गाडी कशी चालस?"

"छान चालते."

"क्लचना बोल्ट कोनी आवळात?"

"मी."

त्यांनी मान हलवली. बाबांबद्दल काही विचारतील म्हणून मी चहा सावकाश प्यायले. त्यांनी विचारलं नाही. निघताना मी पाया पडायला वाकले, आमच्याकडे तशी पद्धत नाही, तरी वाकले. त्यांनी हात डोक्यावर ठेवला आणि लगेच काढला.

घरी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर होते. "नखं वाढली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. न्हावी येतो."

"बरं झालं," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला मोरीत गेले.

हल्ली आमच्या घरातला कुठलाही नळ कुणालाही उघडतो. बाबा तो बोटांनी फिरवतात आणि पाण्याची धार बारीक झाली की लगेच हात काढून घेतात. बरणीचं झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं, लोणच्याला एकदा बुरशीही आली. त्या दिवशीही ते मोरीतून बाहेर आले आणि मागे नळ ठिबकत राहिला. मी उठले, नळ बंद केला आणि थांबायचं तिथे थांबले. बाबा दारातून माझ्या हाताकडे बघत होते.